पाण्यात काय आहे ते आम्हाला सांगत जा: बीच सांभाळणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ग्रेट व्हाइट शार्क जिथे जिथे किनाऱ्याजवळ येतो तिथली मत्स्यखाती, बीच ज्यांच्या ताब्यात आहेत त्या कौन्सिल, आणि या सगळ्यांच्या वर बसलेले मंत्री लोक

नमस्कार,

सरळ मुद्द्यावर येतो. शार्क कुणाला चावला की पुढच्या पंधरवड्यात काय काय होतं हे आता आम्हा समुद्रात पोहणाऱ्यांना पाठ झालंय. बीच बंद, वर हेलिकॉप्टर, टीव्हीवर पाण्याबाहेर आलेल्या पराची तीच ती क्लिप, मग एखादा मंत्री वाळूत बूट घालून उभा राहतो आणि लोकांची सुरक्षितता सगळ्यात महत्त्वाची असं म्हणतो, मग एकतर जाळी वाढतात नाहीतर शार्क मारायचं ठरतं, पंधरवडा संपतो, बीच उघडतो आणि आम्ही परत पाण्यात. आम्हाला नवीन काहीच कळलेलं नसतं. तो शार्क तिथे का आला होता, गेल्या महिन्यात तिथे किती दिसले होते, परत दिसला तर आम्हाला कोण आणि कसं सांगणार, आणि चावलाच तर रक्त थांबवायला किनाऱ्यावर काय ठेवलंय, यातल्या एकाही प्रश्नाला धड उत्तर मिळत नाही.

मी काही शार्कप्रेमी वगैरे नाही, आधीच सांगून टाकतो. खालून पाच मीटरचा प्राणी वर येतोय ही कल्पना मलाही नको वाटते. पण घाबरलेल्या माणसाला खोटा दिलासा देऊन पाण्यात सोडणं हे मला शार्कपेक्षा जास्त खटकतं, आणि ते तुम्ही वर्षानुवर्षं करताय.

जाळ्यांचंच घ्या. सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे आणि तो दूर करायची तुम्हाला कधी घाई झालेली दिसली नाही. न्यू साउथ वेल्समध्ये १९३७ पासून सिडनीच्या बीचवर जाळी लागतायत, आता न्यूकॅसलपासून वोलाँगाँगपर्यंत ५१ बीचवर. वाळूत टॉवेल टाकून पडलेल्या बहुतेकांना वाटतं की या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यात भिंत उभी आहे आणि आपण तिच्या आत आहोत. खरं काय तर एक जाळं साधारण १५० मीटर लांब आणि ६ मीटर उंच, किनाऱ्यापासून काहीशे मीटर आत, दहा-बारा मीटर खोल पाण्यात. म्हणजे वरून मोकळं, डावीकडून मोकळं, उजवीकडून मोकळं. अख्ख्या माळरानावर मधेच वीस पावलांचं कुंपण घालायचं आणि आता गुरं येणार नाहीत म्हणून घरी जाऊन झोपायचं, त्यातला प्रकार. आणि हे मी शोधून काढलेलं नाही, तिथलं खातंच सांगतं की जाळं शार्कला अडवण्यासाठी नाहीये, ते त्याला अडकवण्यासाठी आहे, म्हणजे किनाऱ्याजवळ फिरणारे मोठे शार्क हळूहळू कमी व्हावेत हा मूळ हिशोब. जाळ्यात सापडलेल्या शार्कपैकी जवळपास ४० टक्के बीचकडच्या बाजूला अडकलेले मिळालेत. म्हणजे ते आपल्यात येऊन, फिरून, परत जाताना अडकले. हे वाक्य एखाद्या बीचच्या पार्किंगमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेलं मला बघायचंय एकदा.

अडकतं काय हेही बघा. २०२३-२४ च्या सीझनमध्ये तिथल्या जाळ्यांत २५५ प्राणी सापडले, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ते व्हाइट, बुल आणि टायगर या तीन जातींचे शार्क मिळून १५. बाकी पाकट, कासवं, डॉल्फिन, इतर जातींचे शार्क. त्यात तो बिचारा ग्रे नर्स शार्कपण येतो जो माणसाच्या वाटेला जात नाही आणि जो ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर स्वतःच संपत आलाय.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मीपण तुमच्यासारखाच. जाळ्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की १९५१ मध्ये न्यूकॅसलच्या मेरेवेदरला एक मृत्यू झाला आणि त्यानंतर कित्येक दशकं जाळी असलेल्या बीचवर कुणी मेलं नाही, मग काम करतायत ना. हे अगदीच फेकून देण्यासारखं नाही. पण याच काळात लाईफगार्ड वाढले, हेलिकॉप्टर आलं, हॉस्पिटल जवळ आली, रक्त चढवायची पद्धत सुधारली, आणि पूर्वी जे मेले असते ते आता वाचतात. यातलं किती श्रेय जाळ्याचं आणि किती सर्जनचं हे वेगळं काढून दाखवा ना एकदा, जाळी असलेल्या आणि नसलेल्या बीचचे अलीकडचे आकडे शेजारी शेजारी ठेवून. संशोधकांनी ते ठेवून बघितले आणि २००० नंतरच्या काळात त्यांना फारसा फरक सापडला नाही. तुम्ही तेवढं तरी लोकांपुढे ठेवा, मग जाळी ठेवायची का काढायची ते लोकांशी बोलून ठरवा. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनने २०११ मध्ये जाळी काढून टाकली. सिडनीकडे २०२५ मध्ये तीन कौन्सिलनी एकेका बीचवरून जाळं काढून बघायचं असं ठरत होतं, तेवढ्यात सप्टेंबरमध्ये डी व्हायजवळ एका सर्फरचा व्हाइट शार्कच्या हल्ल्यात जीव गेला आणि ती ट्रायल बाजूला पडली. माणूस गेल्यावर त्याच आठवड्यात असे निर्णय घेऊ नये हे मला कळतं, मीही घेतला नसता. पण मग तो निर्णय शांत असताना का नाही घेतला, आधीची कित्येक वर्षं होतीच की हातात.

खरी भिंत घालता येते, नाही असं नाही. केपटाऊनजवळ फिश होकला बारीक छिद्रांचं, पृष्ठभागापासून तळापर्यंत जाणारं जाळं सकाळी घालतात आणि संध्याकाळी काढून घेतात, त्यात काही अडकत नाही आणि खरोखरच आतलं पाणी वेगळं होतं. हाँगकाँगलाही पोहण्याच्या बीचना असा पूर्ण वेढा असतो. पण हे शांत खाडीसारख्या जागी जमतं, उघड्या समुद्रावर मोठ्या लाटा दोन दिवसांत ते फाडून टाकतील. म्हणजे प्रत्येक बीचला एकच उत्तर नाही, एवढं बोललं तरी लोकांना कळतं हो, लोक एवढे मठ्ठ नाहीत.

मारण्याचं तर काय बोलायचं. हवाईने १९५९ ते १९७६ या काळात ४,६६८ शार्क मारले, मुख्य रोख टायगर शार्कवर होता, आणि एवढं करून चावण्याच्या घटनांत मोजता येईल असा फरक पडला नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये ड्रमलाईन लावल्या, म्हणजे तरंगत्या पिंपाला आमिष लावलेला मोठा आकडा, कारण तिथे आधीच्या काही वर्षांत व्हाइट शार्कने माणसं मारली होती. तीनएक महिन्यांत १७२ शार्क पकडले, ६८ मारले, बहुतेक टायगर. आणि ग्रेट व्हाइट किती? एकही नाही. एकही नाही!! ज्याच्यासाठी एवढा गाजावाजा, एवढी निदर्शनं, तो आलाच नाही आकड्यावर. त्याच वर्षी तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाने हे पुढे चालू ठेवू नका असा सल्ला दिला तेव्हा कुठे थांबलं.

आणि समजा आला असता, तरी तुम्ही मारत कुणाला असता? निकोल नाव दिलेली एक मादी नोव्हेंबर २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॅग केली होती, म्हणजे कुठे जाते हे कळावं म्हणून अंगावर यंत्र लावलं होतं, ती हिंदी महासागर ओलांडून वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापर्यंत गेली आणि नऊ महिन्यांच्या आत परत आफ्रिकेला, वीस हजार किलोमीटरच्या वर. हा काही तुमच्या खाडीतला गुंड नाहीये की त्याला उचलला की गल्ली साफ. सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने २०१८ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार पूर्व ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड धरून प्रौढ व्हाइट शार्क साधारण ७५०. साडेसातशे, अख्ख्या त्या बाजूच्या समुद्रात. उत्तर अटलांटिकच्या अभ्यासात मादीला वयात यायला तिशी उलटून जाते असं निघालंय, म्हणजे आज एक मोठी मादी मारली तर तिची जागा भरायला तुमच्या सातआठ निवडणुका जातील. दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्येच याला कायद्याचं संरक्षण दिलं, कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये, ते काही उगाच नाही.

बरं, आता ज्या गोष्टीसाठी खरं तर मी लिहायला बसलो ती. शार्क येतात हे तुम्हाला माहिती असतं. आम्हाला नसतं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी लाँग बीचच्या शार्क लॅबने २०१९ ते २०२१ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या २६ बीचवर ड्रोन उडवले आणि व्हाइट शार्कची पिल्लं जमतात अशा दोन ठिकाणी बघितलं तर ९७ टक्के दिवशी शार्क आणि माणसं एकाच पाण्यात होती. सर्फर बोर्डवर बसून गप्पा मारतोय आणि खालून दोन-अडीच मीटरचा शार्क निघून जातोय, कुणाला पत्ता नाही, कुणाला काही झालेलं नाही. हे पिल्लू मासे आणि पाकट खातं, त्याला उथळ कोमट पाणी बरं वाटतं, मोठे शार्क तिथे कमी येतात म्हणून सुरक्षितही वाटत असेल. साधारण तीन मीटरच्या पुढे वाढलं की त्याचं लक्ष सीलकडे जायला लागतं आणि तिथून गोष्ट बदलते.

मला सांगा, मग "शार्क दिसला, बीच बंद" या तुमच्या मेसेजमध्ये कोणता शार्क आणि केवढा हे का नसतं? दोन मीटरचं पिल्लू लाटेत फिरतंय आणि साडेचार मीटरची मादी सीलच्या कळपाजवळ घिरट्या घालतेय या दोन बातम्या एक आहेत का? आणि ते बोर्ड! सगळीकडे तोच एक, गढूळ पाण्यात जाऊ नका, नदीच्या मुखाजवळ जाऊ नका, पहाटे-संध्याकाळी जाऊ नका. नदीचं मुख आणि पावसानंतरचं गढूळ पाणी हे मुख्यतः बुल शार्कचं लक्षण. व्हाइट शार्क काचेसारख्या स्वच्छ पाण्यात भर दुपारीही असतो जर तिथे सील असतील किंवा छोट्या माशांचा मोठा थवा किनाऱ्याला लागला असेल. ज्या बीचला ज्या शार्कचा धोका आहे त्याचं लिहा ना. एकच बोर्ड छापून हजार ठिकाणी ठोकायचा, म्हणजे आपलं काम झालं.

केप कॉडचं उदाहरण तर मला सारखं आठवतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १९६२ पर्यंत सील मारला की सरकार बक्षीस देत होतं, मग १९७२ मध्ये अमेरिकेत समुद्री सस्तन प्राण्यांना संरक्षण मिळालं, सील हळूहळू परतले, हजारोंनी परतले, आणि त्यांच्या मागे व्हाइट शार्क. यात आश्चर्य काहीच नाही, जेवण जिथे तिथे जेवणारा. तिथे टॅग लावलेल्या शार्कचा अभ्यास झाला तर ते जवळपास निम्मा वेळ १५ फुटांपेक्षा उथळ पाण्यात घालवत होते. पंधरा फूट! आपण कंबरभर पाण्यातून थोडं पुढे गेलो की तेवढंच असतं. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये वेलफ्लीटच्या न्यूकम हॉलो बीचवर एक तरुण गेला, १९३६ नंतर त्या राज्यातला पहिला मृत्यू. तेव्हा त्या भागात मोबाइलला रेंज मिळणंही कठीण होतं. शास्त्रज्ञ कित्येक वर्षं टॅग लावत होते, शार्क वाढतायत हे पेपरात येत होतं, आणि तरी मदतीला फोन लावायचा कसा हा प्रश्न माणूस गेल्यावर सुटला. नंतर बीचवर इमर्जन्सी फोनचे बॉक्स बसवले, रक्तस्राव थांबवायचे किट ठेवले. चांगलं केलं, खरंच चांगलं केलं. बाकीच्या किती जणांनी ते बघून स्वतःच्या बीचवर ठेवले?

कारण व्हाइट शार्कने चावलेला माणूस मरतो तो बहुतेक वेळा रक्त वाहून. शार्क एकदा चावून बऱ्याचदा सोडून देतो, का सोडतो यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, कुणी म्हणतं सील समजून चावतो, सिडनीच्या मॅक्वारी युनिव्हर्सिटीच्या २०२१ च्या अभ्यासाने दाखवलं की खालून बघणाऱ्या लहान व्हाइट शार्कच्या डोळ्यांना सील आणि पोहणारा माणूस यात फरक करणं अवघड आहे, तर दुसरे म्हणतात तो तुम्हाला समजून घ्यायला, तपासायला चावतो. ते ठरेल तेव्हा ठरेल. ज्याच्या मांडीची रक्तवाहिनी फाटलीये त्याच्या हातात मात्र काही मिनिटं असतात, ॲम्ब्युलन्स यायच्या आतली. त्या मिनिटांत त्याच्याजवळ तुमचा मंत्री नसतो, ड्रोन नसतो, जाळं नसतं. शेजारच्या बोर्डवरचा कुणीतरी अनोळखी पोरगा असतो. त्याला काय करायचं हे माहिती आहे का, एवढ्यावर सगळं येऊन थांबतं. ऑस्ट्रेलियातल्या एका इमर्जन्सी डॉक्टरने हे तपासून बघितलंय, पायाला चावलं असेल तर मूठ वळायची आणि जांघेत, खुब्याचं हाड आणि गुप्तांग यांच्या बरोबर मधोमध, अंगाचा सगळा भार टाकून दाबून धरायचं, सर्फबोर्डच्या दोरीने घाईघाईत आवळलेल्या टूर्निकेटपेक्षा, म्हणजे रक्त थांबवायच्या करकचून बांधणीपेक्षा, हे जास्त रक्त थांबवतं. शिकायला पाच मिनिटं लागतात. हे तुमच्या कुठल्या बोर्डवर आहे? शाळेतल्या स्विमिंगच्या तासाला कुठे शिकवतात? सर्फबोर्ड भाड्याने देणाऱ्याने ग्राहकाला हे दाखवलंच पाहिजे असा नियम करायला किती खर्च येतो?

केपटाऊनच्या झेंड्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या मते या सगळ्या विषयात सगळ्यात प्रामाणिक वस्तू तीच आहे. तिथे २००४ पासून शार्क स्पॉटर्स म्हणून कार्यक्रम आहे. बीचच्या मागे डोंगर आहे, डोंगरावर माणूस बसतो, पोलराइज्ड चष्मा आणि दुर्बीण घेऊन, आणि खाली बीचवर चारपैकी एक झेंडा असतो. हिरवा म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय आणि शार्क दिसलेला नाही. लाल म्हणजे नुकताच दिसला होता, आता दिसत नाहीये पण जपून. पांढरा, त्यावर काळा शार्क, म्हणजे आत्ता इथे आहे, भोंगा वाजतो, बाहेर या. आणि चौथा काळा. काळा म्हणजे शार्क दिसलेला नाही, पण पाणीच असं आहे की आम्हाला नीट दिसत नाहीये.

या काळ्या झेंड्यासाठी मला त्या लोकांच्या पाया पडावंसं वाटतं. एका सरकारी पैशावर चालणाऱ्या व्यवस्थेने भर बीचवर झेंडा लावून सांगायचं की आज आम्हाला काही कळत नाहीये, तुमचं तुम्ही ठरवा, हे कुठे बघितलंय तुम्ही? आपल्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, दोनच अवस्था असतात, सगळं ठीक आणि पळा. मधलं काही नाहीच. आणि पोहणाऱ्याचा बहुतेक वेळ त्या मधल्यातच जातो. काळा झेंडा बघून कुणी पाण्यात जातं, कुणी घोट्याएवढ्या पाण्यात पोरांना खेळवतं, कुणी घरी जातं, जो तो आपल्या जबाबदारीवर, पण खरी परिस्थिती माहिती असून.

गंमत म्हणजे केपटाऊनच्या त्याच फॉल्स बे नावाच्या खाडीतून नंतर व्हाइट शार्क जवळपास गायबच झाले. २०१५ च्या सुमारास ऑर्काची, म्हणजे किलर व्हेलची, एक जोडी तिकडे दिसायला लागली, पोर्ट आणि स्टारबोर्ड अशी नावं दिलीत त्यांना, दोघांचे पाठीवरचे पर वेगवेगळ्या बाजूला वाकलेत म्हणून. २०१७ मध्ये गान्सबाईला किनाऱ्याला लागलेली व्हाइट शार्कची मढी मिळाली, लिव्हर काढून घेतलेली. बाकी शरीर जवळजवळ तसंच. शार्क तिथून हलले, जास्त करून ऑर्कामुळे असं बरेच जण मानतात, काही जण मासेमारीकडेही बोट दाखवतात. कुठल्या मंत्र्याच्या जाळ्यामुळे नाही हलले एवढं नक्की.

तुमच्या टेक्नॉलॉजीला मी नावं ठेवत नाहीये, उलट ती वापरा, पण तिच्यातल्या भोकांसकट सांगा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने तीनशेच्या वर शार्कना टॅग लावून ते बीचजवळच्या रिसीव्हरपाशी आले की आपोआप ट्विटरवर मेसेज पडेल अशी सोय २०१३ च्या शेवटापासूनच केली होती, शार्क स्वतःच ट्वीट करतोय म्हणून तेव्हा गंमत झाली होती. भारी आयडिया. पण टॅग नसलेला शार्क ट्वीट करत नाही, आणि टॅग नसलेलेच जास्त आहेत. फोनवर ॲप उघडून काही दिसत नाही म्हणजे पाण्यात काही नाही असं समजणारी माणसं मी बघतो आणि मला त्यांची काळजी वाटते. न्यू साउथ वेल्सच्या स्मार्ट ड्रमलाईन मला जास्त पटतात, आकड्याला शार्क लागला की बोटीला मेसेज जातो, लोक अर्ध्या तासात पोचायचा प्रयत्न करतात, टॅग लावतात आणि किलोमीटरभर आत नेऊन जिवंत सोडतात, म्हणजे निदान माहिती तरी वाढते. ड्रोनही उत्तम, फक्त वारा सुटला, पाणी फेसाळलं किंवा शार्क जरा खोल गेला की ड्रोनलाही काही दिसत नाही, आणि तिथेही एक काळा झेंडा पाहिजे.

अंगावर लावायच्या यंत्रांचं तर मार्केटच वेगळं. फ्लिंडर्स युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१८ मध्ये सर्फरसाठी विकली जाणारी पाच उपकरणं खऱ्या व्हाइट शार्कसमोर तपासली. त्यातल्या एका इलेक्ट्रिक उपकरणाने आमिष खाल्लं जाण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणलं, बाकीच्यांचा म्हणावा असा परिणाम नाही. सगळ्यात चांगलं तेसुद्धा दहातल्या चार वेळा फेल, हेही लक्षात घ्या. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने सबसिडी दिली ती टेस्टमध्ये टिकलेल्या उपकरणालाच, हे शहाणपणाचं झालं. बाकीच्या देशांत दुकानदार मनगटाला लोहचुंबक बांधून लोकांना समुद्रात पाठवतोय आणि ग्राहक संरक्षणवाले झोपलेत.

मधेच एक सांगायचं राहिलं, शार्क वाचवा म्हणणाऱ्या मंडळींना, कारण तुमच्या समितीत तेही असतात. ती नारळ डोक्यात पडून जास्त माणसं मरतात वाली पोस्ट प्लीज बंद करा. त्या आकड्याला काही आधार नाही, कुणीतरी कधीतरी म्हणालं आणि फिरत राहिलं. आणि असता तरी, ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याच्यासमोर हे बोलणार का? खरे आकडे पुरेसे बोलके आहेत. इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइलच्या नोंदीत २०२४ मध्ये जगभरात माणसाने न डिवचता झालेले चावे ४७, त्यातले मृत्यू ४. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये बुडून तीन लाख लोक गेले. यावरून शार्कची भीती फालतू आहे असं मी म्हणणार नाही, कारण सीलच्या कळपाजवळ थंडीत सर्फ करणाऱ्याचा धोका आणि घरी बसलेल्याचा धोका एक नसतो, जगाची सरासरी काढून त्याला काय उपयोग. पण बजेट ठरवताना मात्र दोन्ही आकडे समोर ठेवा. जो लाईफगार्ड ओढीच्या प्रवाहात सापडलेल्याला बाहेर काढतो तोच शार्क चावलेल्यालाही बाहेर काढतो. एका पगारात दोन्ही कामं. जाळ्याला यातलं एकही जमत नाही.

तर मागणं काय. जिथे जाळी आहेत तिथे ती केवढी आहेत, कुठे आहेत, गेल्या सीझनला त्यात काय अडकलं आणि कुठल्या बाजूने, हे बीचच्या तोंडाशी, मोबाइलवर बारा क्लिक केल्यावर सापडणाऱ्या रिपोर्टमध्ये नको. शार्क दिसल्याचा मेसेज पाठवाल तेव्हा जात, अंदाजे लांबी, वेळ आणि कुठल्या दिशेला गेला हे लिहा, आणि जात ओळखता आली नसेल तर तसं लिहा, आम्ही रागावणार नाही. नीट दिसत नसेल त्या दिवसासाठी झेंडा ठेवा, काळाच पाहिजे असं नाही, रंग तुम्ही ठरवा. रक्त थांबवायचे किट लाईफगार्डच्या कुलूप लावलेल्या खोलीत ठेवू नका, लाईफगार्ड पाच वाजता घरी जातो आणि सर्फर सात वाजेपर्यंत पाण्यात असतो. जिथे रेंज नाही तिथे फोनचा बॉक्स, आणि तो चालू आहे ना हे महिन्याला बघणारा माणूस, त्याच्या नावासकट.

आणि पुढच्या वेळी काही घडलं, घडेलच कधीतरी, तर निदान पहिल्या आठवड्यात नवीन जाळ्यांची घोषणा करू नका. त्याऐवजी त्या दिवशी पाण्यात काय होतं, सील होते का, मासे लागले होते का, आधी कुणाला शार्क दिसला होता का आणि त्याने कळवलं तर ते कुणाच्या टेबलावर पडून होतं, याची चौकशी करा आणि जे निघेल ते छापा, तुमच्या खात्याच्या विरोधात निघालं तरी.

सीझन सुरू व्हायच्या आत उत्तर आलं तर बरं. किटचं आणि बोर्डाचं काम तर त्याच्याही आत होऊ शकतं, त्याला कुठल्या अभ्यासाची वाट बघायची गरज नाही.

आपला,
रोज समुद्रात उतरणारा एक जण